मुरुडची माती लाल नाही

आमच्या एफवायच्या वर्गात सात जणींच्या वह्या एकाच वाक्याने सुरू झाल्या होत्या. "कोकणच्या लाल मातीत एक रत्न जन्माला आले." मॅडमनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, वही मिटली, दुसरी उघडली, पुन्हा तेच वाचलं. तिसरी. चौथी. वर्ग आधी फिदीफिदी हसत होता, पाचव्या वहीला गप्प झाला. सातवी वही माझी.

१९९६ साल. अण्णांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ मध्ये, म्हणजे त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली होती. इतिहासाच्या मॅडमनी त्या निमित्ताने वर्षातली पहिलीच ट्यूटोरियल अण्णांवर दिली, वीस मार्कांची. होस्टेलवर कुणाकडे तरी शाळेच्या बक्षीस समारंभात मिळालेलं एक पातळसं चरित्र होतं. ते खोल्याखोल्यांतून फिरलं आणि लाल माती सगळीकडे पसरली.

मॅडम ओरडल्या वगैरे नाहीत. त्यांनी विचारलं, "अण्णांचं मुरुड कुणी पाहिलंय?" मी हात वर केला. माझं गाव कर्दे. मुरुड म्हणजे आमचं शेजार, समुद्राच्या कडेकडेने चालत गेलं की आलंच.

"काय रंग आहे मातीचा?"

आता खोटं कसं बोलणार? "माती नाहीये मॅडम. पुळण आहे. वाळू. लाल माती वर, दापोलीकडे चढलं की लागते."

"मग तू लाल का लिहिलंस?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं म्हटलं तर आजही नाही. आमच्या वाडीत नारळ-सुपाऱ्या वाळूतच उभ्या आहेत. पाय भाजतात म्हणून दुपारी आम्ही सावली सावलीने उड्या मारत विहिरीवर जायचो. आणि मी, अठरा वर्षं त्या वाळूत वाढलेली, पुस्तकात लाल छापलंय म्हणून लाल लिहून मोकळी झाले होते.

कॉलेजचं नाव देत नाही. पुण्यातलं होतं, फक्त मुलींचं होतं, एवढं पुरे. मी तिथे गेले ती काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. बारावीनंतर पुढे शिकायचं का, यावर घरात आठवडाभर खल चालला होता. शेवटी मामाने या कॉलेजचा फॉर्म आणला. बाबांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "मुलींचंच आहे ना? मग हरकत नाही." अभ्यासक्रम कुठला, प्राध्यापक कोण, पुढे काय, यातलं काही कुणी विचारलं नाही. आमच्या होस्टेलवरच्या निम्म्या मुली त्या एका 'मग हरकत नाही'वर आलेल्या होत्या. हे वाक्य पुढे मला फार वेगळ्या जागी भेटलं, ते सांगतेच.

दापोलीहून लाल डबा वरंधा घाटातून यायचा. मी निम्म्या वेळा भोरपर्यंत ओकत यायचे. खोलीत चौघी. नावापेक्षा गावाने हाका मारायची पद्धत होती, त्यामुळे एक बार्शी, एक माजलगाव, एक धरणगाव आणि मी दापोली, कारण कर्दे कुणाला माहीत नव्हतं. मी 'काय गो' म्हटलं की तिघी आठवडाभर एकमेकींना 'काय गो' म्हणत फिरायच्या. माझ्या तळलेल्या गऱ्यांच्या बदल्यात बार्शीच्या शेंगाचटणीचा भाव ठरलेला होता, एका वाटीला दोन चमचे. माजलगाववाली खायची सगळ्यांचं, आणायची काही नाही, पण तिच्याकडे इस्त्री होती.

साडेसातला गेट बंद. बाहेर पडताना रखवालदाराच्या वहीत नाव, वेळ आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात कुणीतरी, कधीतरी पहिल्यांदा 'झेरॉक्स' लिहिलं असणार, आणि खालच्या सगळ्यांनी फक्त दोन टिंबं देऊन सोडलं. त्या वहीवर विश्वास ठेवला तर त्या तीन वर्षांत पुण्यात सगळ्यात जास्त झेरॉक्स आमच्याच होस्टेलने काढल्या. प्रत्यक्षात आम्ही भेळ खायला जायचो, आणि धरणगाव एका मुलाला भेटायला. (त्याच्याशीच लग्न झालं तिचं. सुखी आहे.)

तर ती ट्यूटोरियल. मॅडमनी साती वह्या परत दिल्या. मार्क दिले नव्हते. माझ्या वहीत मात्र समासात हिरव्या शाईने जागोजागी एकच शब्द होता: 'कशावरून?' लाल मातीपुढे कशावरून. 'अत्यंत हुशार विद्यार्थी' यापुढे कशावरून. १८७५ मध्ये अण्णा सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, तिथे 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट कोकणात पोराटोरांना पाठ असते. ती मी झोकात लिहिली होती, '११० मैल' असा आकडाही टाकला होता. त्याच्यापुढे दोन शब्द: 'कुणी मोजले?'

मला राग आला. छापलेला आकडा आहे, मी काय त्यांच्यामागून टेप घेऊन गेले होते? मी तसं, जरा मऊ भाषेत, स्टाफरूमच्या दारात जाऊन बोलले. मॅडम डबा खात होत्या. म्हणाल्या, "टेप नको. ग्रंथालयात महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे आणि तुझ्याकडे दोरा असेलच."

ग्रंथालयात एरवी आम्ही चिठ्ठी आत सरकवायची आणि कार्डावर दोन पुस्तकं घ्यायची, एवढाच संबंध. नकाशा मागितल्यावर ग्रंथपालबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण टेबल रिकामं करून दिलं. ब्लाउजला टीप घालायचा निळा दोरा. मुरुडवर टाचणी. धरणगावने बोटाने दाबून धरायचं आणि मी रस्त्याच्या रेषेवरून दोरा फिरवत न्यायचा, मुरुड, दापोली, खेड, चिपळूण, मग घाट चढून पाटण, मग सातारा. दोरा सारखा घसरायचा. एकीला शिंक आली की पुन्हा मुरुडपासून. मग तो पट्टीवर धरून नकाशाच्या प्रमाणाने गुणायचं, किलोमीटरचे मैल करायचे. पहिल्यांदा आले ९४. दुसऱ्यांदा १०२. तिसऱ्यांदा ग्रंथपालबाई स्वतः उठून आल्या, म्हणाल्या, "ओढू नकोस गं, ढिला सोड," आणि त्यांच्या हाताने १०५ आले.

मी विजयी मुद्रेने गेले. पुस्तक चुकलंय, ११० नाहीत. मॅडम म्हणाल्या, "घाटातली वळणं दोऱ्याला कुठून कळणार? आणि तो मुलगा आजच्या डांबरी रस्त्याने गेला होता का?" मग मी काय लिहू, विचारलं. "जे केलंस ते लिही. दोऱ्याने मोजले, इतके आले, इतके चुकले असतील."

एखादी गोष्ट अशीही लिहिता येते, हे मला बारा वर्षांच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर एकतर बरोबर असायचं, नाहीतर चूक. 'इतके चुकले असतील' असं स्वतःच लिहून टाकायचं आणि तरी ते उत्तरच, हे पचायला मला वेळ लागला.

सप्टेंबरात एका रविवारी मॅडमनी आम्हाला हिंगण्याला नेलं. चालत. फर्ग्युसनच्या फाटकापासून. अण्णा १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला आणि कॉलेज संपलं की ते पायी तिकडे जायचे, कित्येकदा आश्रमाला लागणारं सामान घेऊन. आम्ही तीसएक मुली, पुढे मॅडम सुती साडी आणि चपला घालून. डेक्कनपर्यंत गाणी म्हटली. नळस्टॉपला एकीची चप्पल तुटली. त्यापुढे सगळ्याजणी पीएमटीकडे आशेने बघत होत्या, मॅडम मात्र मागे वळूनही बघत नव्हत्या. सव्वा तास लागला, आणि तोही रस्त्याने. तेव्हा मध्ये शेतं आणि चिखल. हिंगण्याला आता सगळे कर्वेनगर म्हणतात, तिथल्या आवारात ती पहिली झोपडी जपून ठेवलेली आहे. ती केवढीशी आहे, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या चौघींच्या खोलीहून ती काही फार मोठी वाटली नाही. बार्शी दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्यात?" आणि गप्प बसली. ती एरवी गप्प बसणारी नाही.

परत येताना मॅडमनी बसने येऊ दिलं.

त्या चालण्यानंतर मी खरोखर वाचायला लागले आणि पहिल्यांदा अण्णांचा राग आला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, पाच मुली घेऊन. आदल्या वर्षी टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, त्यावरून. शिक्षण मातृभाषेतून, हे ठीक. पण अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र आवश्यक आणि गणित ऐच्छिक! जो माणूस जन्मभर गणित शिकवत आला त्याने मुलींना गणित ऐच्छिक ठेवावं? बरं, पहिले कुलगुरू कोण, तर रँग्लर परांजपे. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला, आलेला पहिला भारतीय, आणि गाव मुर्डी, म्हणजे तेही आमच्याच दापोली तालुक्यातलं. दापोलीचे दोन गणिती एकत्र बसले आणि मुलींचं गणित काढून ठेवलं, असं मी तणतणत मॅडमना सांगितलं.

त्यांना आनंद झालेला दिसला. "लिही हे. पण आधी सांग, तुझ्या वडलांनी तुला इथे का पाठवलं?"

मुलींचंच आहे ना, मग हरकत नाही.

मला तिथेच बाकावर बसावंसं वाटलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बापांकडून ते वाक्य वदवून घ्यायचं म्हणून तो अभ्यासक्रम तसा होता का? गृहशास्त्र म्हणजे बापाला दाखवायचं तिकीट? की अण्णांना मनापासून तसंच वाटत होतं, की बाईने घरच चांगलं चालवावं? मला दुसरं जास्त खरं वाटतं, आजही. आपण त्यांना आपल्या सोयीने आधुनिक करून घेतो. पण पहिलंही थोडं खरं असणार. मॅडमचं मत मी विचारलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाही, त्याचा मला अजून किंचित राग आहे.

त्या विद्यापीठाच्या पदवीची दुसरी बाजू तर अजून टोचते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले, त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच एसएनडीटी. पण त्याला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. पहिल्या पाच मुलींपासून पस्तीस वर्षं. त्यात शिकलेल्या बायकांच्या हातात सरकारने न मानलेला कागद होता. तरी त्या शिकल्या. त्या का शिकल्या, हा प्रश्न मला अण्णांच्या चरित्रापेक्षा मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर चरित्रांत सहसा नसतं, कारण चरित्रं अण्णांची आहेत.

बार्शीने म्हणूनच विषय बदलून घेतला. तिने पार्वतीबाई आठवल्यांवर लिहिलं, म्हणजे अण्णांच्या पत्नी बाया कर्व्यांच्या बहिणीवर. लहानपणी शाळा नाही, विसाव्या वर्षी वैधव्य, नंतर हिंगण्यात शिकल्या, आणि पुढे संस्थेसाठी पैसे गोळा करायला थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हतं. तिथे लोकांच्या घरी कामाला राहून शिकल्या. बार्शी हे वाचून रात्रभर जागी. साडेदहाला दिवे बंद व्हायचे, मग ती बाथरूमच्या बोळातल्या ट्यूबखाली उलटी बादली घेऊन बसायची. मध्यरात्री तिने मला हलवून उठवलं. "दापोली, या बाईला इंग्लिशच्या पेपरची भीती नव्हती आणि आपण मरतोय बघ." आणि गेली परत बादलीवर.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुरुडला गेले. त्याआधी शंभर वेळा गेले असेन, पण वही घेऊन कधी नाही. दुर्गादेवीच्या देवळात लाकडी खांबांपाशी बसले. सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून लहानगा धोंडू इथे गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचा, असं मी वाचलं होतं. मी हातातला 'सागर' पेपर मोठ्याने वाचून पाहिला, आवाज कुठवर जातो ते बघायला. पुजाऱ्याने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

घरी आजीला विचारलं, अण्णांबद्दल तुला काय माहीत आहे. आजी सुपारी कातरत होती. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी, बायाशी, लग्न केलं, त्यावर मुरुडने त्यांना वाळीत टाकलं होतं. आजीच्या सासूने ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. "तेव्हा त्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं हो. आता पुतळ्याला हार घालतात तेच," असं म्हणाली. मग अडकित्ता थांबवून विचारलं, "आणि काय गो, तुमच्या कॉलेजात मुलगे मुळीच नाहीत? मग भांडता कोणाशी?"

"आपापसात."

"हां. मग शिकाल."

तिला चेष्टा करायची होती की नाही मला माहीत नाही, पण बोलली ते खरं. मुलगे नसल्यामुळे आमच्याकडे कुठलंच काम 'त्यांचं' नव्हतं. गॅदरिंगचा मांडव, स्पीकरच्या वायरी, पडदा अडकला की शिडीवर चढणं, हिशेबात अडीचशे रुपये कमी आले म्हणून सेक्रेटरीला भर सभेत फाडून खाणं, सगळं आम्हीच. फ्यूजची तार घालायला मी तिथे शिकले, माजलगावकडून, जिला स्वतःची वेणी नीट घालता येत नव्हती. आणि वर्गात चुकीचं उत्तर द्यायची लाज गेली. ती जाणं किती मोठं होतं ते पुढे एमएला विद्यापीठात गेल्यावर कळलं. तिथे मागच्या बाकांवरून कुणी खोकलं तरी मुली अर्ध्या वाक्यात थांबायच्या.

फार गोडवे गायचे नाहीत. साडेसातचं गेट मला कधीच पटलं नाही. संध्याकाळची व्याख्यानं, नाटकं, पुण्यात राहून जे काही ऐकायचं-बघायचं ते साडेसातनंतरच असायचं, आणि आम्ही त्या वेळी मेसमध्ये वरणात डाळ शोधत असायचो. कशावरून म्हणून विचारा, असं शिकवायचं आणि गेट साडेसातलाच का, हे मात्र विचारायचं नाही, हे जमत नाही. आम्ही विचारलं होतं. तिसऱ्या वर्षी, सह्या गोळा करून. उत्तर आलं, पालकांची काळजी. म्हणजे पुन्हा तेच, हरकत नाही.

ट्यूटोरियल मी नोव्हेंबरात पुन्हा लिहून दिली. सहा पानं. वाळू, दोरा, आजी, गणित, सगळं. वीसपैकी अकरा मिळाले. शुद्धलेखनाच्या चुकांची यादी वेगळ्या कागदावर, एकोणतीस, आणि आजीच्या वाक्याशेजारी हिरवं 'कशावरून?' होतंच, त्याखाली बारीक अक्षरात: 'ऐकीव आहे असं म्हण. तेही चालतं.' लाल मातीतल्या दोघींनी काही न बदलता शुद्ध भाषेत पुन्हा लिहून दिलं होतं. त्यांना किती मिळाले ते मी मुद्दाम विचारलं. आठ. तेवढ्या तीन मार्कांवर मी महिनाभर खूश होते.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मॅडमना फोन केला. आता सत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मी ओरडून सांगत होते, साती वह्या, लाल माती, तुम्ही विचारलंत, मी हात वर केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी खरंच असं केलं होतं? मला आठवत नाही. तू आणखी कुणाला विचारलंस का?"

आमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, 'झेरॉक्स' नावाचा. तिथे विचारलं. धरणगावला फक्त दोरा आठवतो. बार्शी म्हणते सात नव्हे, पाचच वह्या होत्या, आणि पाचवी तिची होती. आणि मी हात वगैरे काही वर केला नव्हता. मी खाली मान घालून बसले होते, तिने कोपराने ढोसलं आणि ओरडून सांगितलं, मॅडम, ही दापोलीची आहे.